झाकणावर बसलेला बाप

लहानपणी घरातून उचलून मिशनच्या निवासी शाळेत नेलेली माणसं आज गोल बसून आपली कहाणी सांगत होती, आणि रोझॅन बापाला घेऊन आली होती. बाप इझिडोर पुढच्या खुर्चीत, ती त्याच्या मागे, हात त्याच्या खांद्यावर. शाळेचं सांगायला बसलेल्या माणसाच्या मागे घरचं कोणीतरी असं बसतंच, आणि सांगून होईपर्यंत हात काढायचा नसतो.

"अगं, बोलायचंय त्याला आणि कापतेयस तू!" शेजारून अल्फोन्सीन आत्या पुटपुटली.

कापेल नाहीतर काय! लहानपणी याच बापाने तिला बटाट्याच्या तळघरात कोंडलं होतं. एकदा नव्हे, कितीदा तरी. वर झाकण टाकून स्वतः त्यावर बसायचा आणि ती रडली की टाचांनी दणके द्यायचा. का, ते कधी तोंडातून काढलं नाही. आणि आता म्हणे, सहा वर्षांच्या थियोला हिवाळाभर माझ्या घरी ठेव, सापळे लावायला शिकवतो. रोझॅनने तोंडावर सांगितलं होतं, "आधी ते तळघर चारचौघांत बोला. मग नातवाचं नाव काढा."

ज्याची बोलायची पाळी त्याच्याकडे जाणारं गरुडाचं पीस इझिडोरच्या हातात आलं. आता त्याला कोणी मध्ये तोडणार नव्हतं.

तळ्याकाठून ट्रकमध्ये घालून त्या शाळेत नेलं, तेव्हा तो थियोएवढाच होता. घरच्या क्री भाषेत बोललं की पाठीवर पट्टा. दिवे मालवले की शाळा चालवणाऱ्या मिशनऱ्यांतला एक ब्रदर पलंगांमधून फिरायचा आणि एखाद्या पोराला उठवून न्यायचा. "मी श्वास धरून पडायचो. शेजारच्या अँटोनला नेलं की मला बरं वाटायचं. मग एकदा पावलं माझ्यापाशी थांबली."

त्याने पीस मांडीवर ठेवलं. रोझॅनला वाटलं, झालं, तळघर काही येत नाही. तो बोलेल याचीही तिला धास्ती होती आणि बोलणार नाही याचीही.

"पुढे मला पोरगी झाली," तो म्हणाला. "गावात बालकल्याण खात्याची ती गाडी यायची. बाई उतरायची, हातात कागद, आणि पोरं घेऊन जायची. इंजिन ऐकलं की मी हिला खाली टाकायचो. रडणं बाहेर जाऊ नये म्हणून टाचा आपटायचो. म्हटलं, करू दे माझा रागराग. पण घरात राहू दे."

इंजिन रोझॅनने कधी ऐकलंच नव्हतं. त्या टाचांपुढे ऐकणार कसं? तिला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला. एक शब्द सांगितला असता, तर आजही दार लागलं की तिला घाम फुटला नसता!

बापाने मान वळवली. पार भेदरला होता. "आता नाही ना येत गं ती गाडी?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. पण गेल्याच आठवड्यात शेजारच्या व्हर्नाची दोन्ही पोरं नेली होती.

"येते, बाबा," ती म्हणाली. "थियोला पाठवते मी. पण त्याला लपवायचं नाही. गाडी आली तर मला बोलवा. दोघं दारात उभे राहू."

"आणि मी घाबरलो तर?"

"मी पण घाबरणारच आहे. तरी उभं राहायचं."