विष्णुपंतांची दहा वाक्यं

मी साताऱ्याला आमच्या हिला पाहायला गेलो होतो, असं लोक समजतात. खरं म्हणजे तिचे वडीलच मला पाहायला बसले होते, आणि तेही इंग्रजीतून.

साल चव्वेचाळीस. विष्णुपंत साताऱ्यात इंग्रजीचे मास्तर. त्यांच्याकडे नियम असा की, जावई होऊ पाहणाऱ्याला त्यांनी स्वतः लिहिलेली दहा इंग्रजी वाक्यं मिळत. प्रत्येक वाक्याचे दोन तुकडे आणि मधली जागा रिकामी. तिथे जोडणारा शब्द भरायचा. बिकॉज की ऑल्दो, अनलेस की टिल. सात बरोबर आले तर पुढची बोलणी, नाहीतर पोहे खाऊन निघायचं. माझ्याआधी अकरा जण असे परतले होते. एक पुण्याचा वकील होता, तो लेस्टवर आपटला. अकरावा तर तसाच सज्जनगड चढला म्हणतात, तो अजून उतरलेला नाही.

चारुलतेला, म्हणजे आमच्या हिला, मी आधीच सांगलीत पाहिलं होतं. आत्याकडे आली होती, गणपतीच्या देवळात. आरती संपेपर्यंत तिनं तीनदा माझ्याकडे पाहिलं आणि चौथ्यांदा मी पाहतोय की नाही, ते पाहिलं. तेव्हापासून दुसरी कुठली मुलगी सांगून आली की माझ्या पोटात दुखायला लागायचं. पण माझं इंग्रजी म्हणजे मॅट्रिकला तीन गटांगळ्या आणि चौथ्यांदा कुणा परीक्षकाची दया. रिकामी जागा दिसली की मी डोळे मिटून बिकॉज टाकत असे.

साताऱ्याच्या परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा व्याकरणाचं पुस्तक घेऊन मी काकांच्या पलूसच्या मळ्यात गेलो. म्हटलं, एकांत मिळेल. कसला एकांत! काकांनी खतासाठी रानात मेंढरं बसवली होती. आटपाडीकडचा बिराप्पा आणि त्याची चौदाशे मेंढरं. कुणी म्हणेल, चारशे असतील. म्हणू दे, तो तिथं नव्हता.

दिवस कलला, कळप चरून आला की जाळीच्या कुंपणातली कोकरं आयांना लावायची. तीनशे कोकरं एकदम बोंबलायची. बिराप्पा त्यातलं एक उचलायचा, त्याचं ओरडणं ऐकायचा आणि नेमक्या त्याच्या आईपाशी नेऊन सोडायचा. एकदाही चुकला नाही. मलाही हौस आली. एक गुबगुबीत कोकरू उचललं आणि जवळच्या मेंढीला लावलं. तिनं ते हुंगलं आणि अशी ढुशी दिली की कोकरू बाजूला आणि मी पाटाच्या पाण्यात.

"घाई करू नगा, धाकलं धनी," बिराप्पा म्हणाला. "आदी पोर काय म्हणतंय त्ये ऐका. मग आई काय म्हणती त्ये. दोगं येकमेकाला धरून वरडली, की सोडा."

त्या चिखलात बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या वाक्यांतला एक तुकडा असाच पोरका होता, त्याला एकट्यानं उभं राहता येत नव्हतं. तो आईला कारण सांगतोय, अट घालतोय की तिच्याविरुद्ध बोलतोय, हे मी कधी ऐकलंच नव्हतं. हाताला लागेल तो शब्द कोंबत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणायचो, मधला शब्द बदलून बदलून. बिराप्पा घोंगड्यावर बसून ऐकायचा. त्याला ए की बी माहीत नव्हतं, म्हणून अर्थ मराठीत सांगायचो. एका वाक्यात पेरणी आणि पाऊस होता. मी सवयीनं बिकॉज टाकलं. पाऊस पडतो म्हणून आम्ही पेरत नाही, असा त्याचा अर्थ झाला.

"ही न्हाई पाजायची," बिराप्पा म्हणाला. "पाऊस पडतुया म्हून कोण पेरायचं ऱ्हातंय, आवं?"

मग अनलेस टाकलं. पाऊस पडल्याशिवाय आम्ही पेरत नाही. त्यानं नुसती मान हलवली. आठव्या दिवसापासून तो अर्थ न सांगताही ओळखू लागला. दहाव्या दिवशी चुकीच्या ऑल्दोवर त्याचा कुत्रा भुंकला. खोटं वाटत असेल तर पलूसला जाऊन विचारा. कुत्रा आता नाही, पण त्याचा नातू आहे.

साताऱ्यात विष्णुपंतांनी कागद पुढं ठेवला आणि शेजारी घड्याळ. मी पहिलं वाक्य मोठ्यानं म्हणायला लागलो तसे ते दचकले. हा काय प्रकार, म्हणून विचारलं. मी सांगितलं, ऐकल्याशिवाय मला जमत नाही. कुणाला ऐकता? म्हटलं, दोन्ही तुकड्यांना. त्यांनी भुवया चढवल्या, पण अडवलं नाही. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज मात्र थांबला.

नऊ वाक्यं झाली. दहाव्यात ती दारात उभी होती आणि तो परत आला होता. मधे रिकामी जागा. बिकॉज टाकून पाहिलं. तो आला म्हणून उभी, मग त्याआधी काय करत होती? ऑल्दो टाकलं. तो आला तरी दारातच? असलं लग्न कोण करील? मग टिल म्हटलं. तो येईपर्यंत ती दारात उभी राहिली. लिहून टाकलं.

विष्णुपंतांनी तांबडी पेन्सिल काढली. पहिलं चूक. दुसरं चूक. तिसरं, चौथं, पाचवं बरोबर. सहावं चूक. मग ओळीनं तीन बरोबर. झाली सहा. दहाव्यावर पेन्सिल टेकवून ते इतका वेळ बसले की मला घड्याळाचे काटे उलटे फिरताना दिसले.

"सात," ते म्हणाले, आणि एवढा मोठा उसासा सोडला की कागद उडून जमिनीवर गेला. "अहो, ऐकलंत का? सात आले!"

"ऐकलं," आतून चारुलतेची आई, गोदावरीबाई, म्हणाल्या. "घोडनवरी व्हायची वेळ आणली होती पोरीवर. आता तो कागद बंबात घाला."

विष्णुपंत माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "शरच्चंद्र, बरं झालं बाबा. चार महिने या घरात माझ्याशी कुणी धड बोललेलं नाही. आणि बारावाही पडला असता, तर तेरावा आणायचा कुठून?"

मी हसू लागलो, तेही हसू लागले. छातीवरचं जातं कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात चारुलता बाहेर आली. माझ्याकडे न बघता तिनं कागद उचलला, वाचला आणि समोर येऊन बसली. तीन का चुकली, हे ती मला जेवणाची पानं मांडेपर्यंत समजावत होती. मी हो हो म्हणत होतो. एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं, आणि त्यानं आता काहीच बिघडणार नव्हतं.