पाच नंबरच्या बाई

पाच नंबरच्या बाईंनी टेबलाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडे निरखून पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि उशीखालची छोटी वही काढून तिच्यात काहीतरी लिहिलं. हॉटेलच्या खोल्या सांभाळणाऱ्या ताई बाथरूमच्या दारात टॉवेल लावत उभ्या होत्या. त्यांना हे सगळं समोरच्या आरशातून दिसलं. हातातल्या टॉवेलाची घडी त्यांनी मोडली, पुन्हा घातली, कडेला कड जुळवली.

बाळ पलंगावर चार उशांच्या मधोमध झोपलं होतं. तीन-चार महिन्यांचं असेल.

"आणखी काही हवंय, मॅडम?"

"नको. म्हणजे... हा दिवा पक्का आहे ना? ओढला तर खाली येणार नाही?"

"पक्का आहे."

बाईंनी तरी उठून तो ओढून पाहिलाच. मग त्या गॅलरीत गेल्या. समोर तळं सकाळच्या उन्हात लखलखत होतं, दोन होड्या काठाला बांधलेल्या होत्या. या खोलीत आलेला माणूस आधी तळ्याकडे बघतो, मग फोटो काढतो, हे ताईंना सव्वीस वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं. या बाईंनी तळ्याकडे पाहिलंच नाही. त्या खाली वाकल्या आणि कठड्याच्या गजांमधलं अंतर मुठीने मोजू लागल्या.

ताईंनी दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरून त्या थेट मॅनेजरच्या टेबलापाशी आल्या.

"कठडा मोजतेय," त्या म्हणाल्या.

मॅनेजर खुर्चीतून अर्धा उठला. वयाने तो ताईंच्या मुलीएवढाच होता, पण चिंता करायला लागला की साठीचा दिसायचा. "मी म्हटलं नव्हतं? काल आल्या आल्या खोली बदलून मागितली. लिफ्टचा आवाज येतो म्हणे! मागच्या खोलीत आजवर एकाने तरी लिफ्टचा आवाज ऐकलाय?"

"पण साहेब, कडेवर बाळ घेऊन कोण तपासणीला येईल?"

"तेच तर. कोणाला शंका येऊ नये म्हणून. आडोसा आहे तो. बहिणीबिहिणीचं आणलं असेल उचलून."

ताईंना हसू आलं, पण त्यांनी ते आत ठेवलं. हसण्यासारखी वेळ नव्हती. हॉटेल नऊ खोल्यांचं, पण दर्जा वरचा, आणि तो दर्जा टिकतो की जातो हे वर्षातून एकदा येणारा एक माणूस ठरवायचा. तो न सांगता यायचा, पाहुण्यासारखा राहायचा, ओळख न देता जायचा, आणि महिन्या-दीड महिन्याने नुसता कागद यायचा. गेल्या वर्षीच्या कागदात एक ओळ होती: पलंगाच्या मागे धूळ. ती ओळ मॅनेजरने ताईंना तीनदा वाचून दाखवली होती. खोल्यांची जबाबदारी त्यांची.

या वर्षी त्या एका ओळीपेक्षा मोठं काही अडकून पडलं होतं. ताईंची मुलगी बाळंत होऊन आज बावीस दिवस झाले होते. तिचं गाव इथून रात्रभराच्या प्रवासावर. सासू नाही, जावयाची पाळीची नोकरी. दिवसभर ती आणि बाळ, दोघंच. ताईंनी रजा मागितली तेव्हा मॅनेजरने हात जोडले होते. "तपासणी होऊ द्या, ताई. झाली की दुसऱ्या दिवशी दहा दिवस जा. त्याआधी मी तुम्हाला सोडलं तर मालक मला सोडतील."

म्हणून बाई तपासणीच्याच असाव्यात, असं ताईंना मनापासून वाटत होतं. आणि तसं वाटतंय म्हणूनच की काय, त्या स्वतःच्या डोळ्यांवर पुरता विश्वास ठेवायला घाबरत होत्या.

दुपारी बाई बाळाला घेऊन खाली जेवायला गेल्या तेव्हा ताईंनी पाच नंबर स्वतः झाडून घेतली. पलंगाखाली निळं बटण सापडलं. ताई गुडघ्यांवरच थबकल्या. तपासणीची माणसं पलंगाखाली मुद्दाम काहीतरी टाकतात, ते उचललं जातं का बघायला, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. गेल्या खेपेला एक पिन होती म्हणतात. ताईंनी बटण पुसलं आणि कपाखालच्या बशीत, दिसेल असं, टेबलाच्या मधोमध ठेवलं.

बाई परत आल्या तेव्हा ताई कॉरिडॉरमध्ये फुलदाणीचं पाणी बदलत होत्या. दार उघडंच होतं.

"अगं बाई, सापडलं!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "मावशी, तुम्हाला मिळालं का हे? सकाळपासून शोधतेय. जमिनीवर आडवी पडून पलंगाखाली बघितलं मी."

"हो, मॅडम. पलंगाखाली रोज हात फिरवतो आम्ही."

"रोज?"

"दोनदा."

बाईंनी बटण मुठीत घट्ट धरलं आणि डोळे मिटले. दाद द्यावी असं नाटक होतं. ताईंनी फुलदाणी अंगाशी धरली आणि तिथून सटकल्या.

त्या दिवसापासून पाच नंबरचं सगळं वेगळंच सुरू झालं. गरम पाणी सांगितल्यापासून तीन मिनिटांत वर. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांनी कापडी तळव्याचे जोडे घालायचे. शेफने सूपचे तीन वाडगे पाठवले, एक घट्ट, एक पातळ आणि एक मधलं. बाईंनी तिन्ही संपवले. "सगळं चाखून बघते," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला. "एकही टाकलं नाही. पक्की आहे."

मुलीचा फोन आला तेव्हा ताई चादरींच्या खोलीत होत्या. "आई, झाली का तुमची तपासणी?"

"होतेय बाळा. दोन दिवस."

"हं."

"तू काय करतेस?"

"बसलेय," मुलगी म्हणाली. पलीकडे बाळ रडत होतं आणि ती काहीच करत नव्हती, हे ताईंना इथे ऐकू आलं. मग पाच नंबरची घंटा वाजली. ताईंनी फोन ठेवला.

पाच नंबरमध्येही बाळ रडत होतं. बाई त्याला खांद्यावर घेऊन खिडकी ते दार अशा फेऱ्या मारत होत्या. केस विस्कटलेले, शर्टाची बटणं एक सोडून एक लागलेली.

"मावशी, जरा धरता याला? दोन मिनिटं. तोंड धुऊन येते फक्त."

ताईंचे हात आपोआप पुढे झाले आणि मध्येच थांबले. पाहुण्याचं मूल उचलायचं नाही, हा इथला नियम. काही झालं तर जबाबदारी हॉटेलची. हे तपासायलाच बोलावलं असेल. एवढं सरळ, एवढं साधं, अगदी दमल्यासारखं विचारायचं आणि बघायचं.

त्यांनी हात मागे घेतले. "आम्हाला परवानगी नसते, मॅडम."

बाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. बाळाला तसंच खांद्यावर ठेवून त्या बाथरूममध्ये गेल्या आणि एका हाताने तोंडावर पाणी मारू लागल्या. निम्मं पाणी बाहीत जात होतं. मग त्यांनी टबाचा नळ सोडला आणि वाकून पाण्यात कोपर बुडवलं. बोट नाही, तळहात नाही. कोपर.

ताई बघत राहिल्या. असं कोपराने पाणी त्यांनी स्वतः किती वेळा बघितलं होतं, दोन मुलांसाठी, किती वर्षं. टेबलाची कड, ओढला जाणारा दिवा, गजांत अडकू शकणारं डोकं, गिळता येईल असं बटण. दोन दिवस त्या या खोलीत धूळ शोधणाऱ्याच्या नजरेने वावरत होत्या आणि बाईंनाही त्याच नजरेने बघत होत्या. पलंगावर वही उघडी पडली होती. ताईंनी वाचायचं म्हणून वाचलं नाही, पण अक्षर मोठं होतं. *डावीकडे, ६.४०, वीस मिनिटं. शी, पिवळी. झोप ७.१० ते ७.२५. उजवीकडे, ८.०५. रडला. रडले.*

ताई पटकन आत गेल्या आणि नळ बंद केला.

"इकडे द्या."

"पण तुम्हाला परवानगी..."

"द्या हो."

बाळ हातात येताच ताईंना त्याचं वजन कळलं. सहा किलोला थोडं कमी. बाळाने नवीन खांदा हुंगला, जरा वेळ ते कुरकुरलं, आणि अचानक गप्प झालं.

बाई टबाच्या कडेवरच बसल्या. "तुम्ही सगळे किती करता हो. शेफसुद्धा येऊन विचारून गेले, पोट भरलं का म्हणून. इथे सगळ्यांसाठीच असं करता?"

ताईंनी बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. "घरी कुणी नाही का?"

"घरी?" बाई हसल्या. "घरी सात माणसं आहेत, मावशी. सातही जणांना बाळाचं सगळं कळतं. पाणी गरम झालं की एकजण म्हणतं गार आहे, दुसरं म्हणतं भाजेल. मी त्याला हातात घेतलं की चारजण हात पुढे करतात. वाईट नाही हो कुणी. पण त्याला झोप आली का भूक लागली, हे मला एकटीला कळतंय का, तेच बघायचं होतं. घरी सांगितलंय, ऑफिसचं ट्रेनिंग आहे, बाळाला नेलेलं चालतं. नोकरीतले साठवलेले पैसे होते ते घातले."

"मग? कळलं का?"

"कळायला लागलंय." बाईंनी डोळे चोळले. "पण झोप म्हणून..."

वाक्य तसंच राहिलं. ताईंनी त्यांना दंडाला धरून पलंगापर्यंत आणलं, अंगावर पांघरूण घातलं. बाई उशीला टेकल्या त्याच क्षणी झोपल्या.

ताई बाळाला घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. मनात एक हिशोब आपोआप मांडला जात होता आणि त्या तो मांडायला नको म्हणत होत्या. आत्ता खाली जाऊन खरं सांगितलं, तर संध्याकाळच्या आत या बाई मागच्या खोलीत, लिफ्टच्या भिंतीला लागून. ही खोली दुप्पट भाड्याची, मॅनेजरने ती त्यांना मागच्या खोलीच्याच भाड्यात दिलेली. आणि रजा? ती येणाऱ्या कुठल्यातरी माणसाची वाट बघत राहणार, पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात.

दारावर नखाने टकटक झाली. ताईंनी फट उघडली. बाहेर मॅनेजर, कापडी जोड्यांत, चवड्यांवर.

"काय चाललंय? चाळीस मिनिटं झाली!" मग त्याला बाळ दिसलं. "ताई! नियम!"

"आवाज करू नका, साहेब."

"तिने सांगितलं धरायला? परीक्षा आहे ती!"

"मीच घेतलं."

त्याने कपाळाला हात लावला. "आता लिहील. लिहिते आहे का?"

"आत्ता नाही."

"तुम्हाला शंभर टक्के वाटतं ना, हीच आहे? कारण मी मालकांना कळवणार आहे, तपासणी झाली म्हणून."

बाळाचं डोकं खांद्यावरून घसरत होतं. ताईंनी ते तळहाताने सावरलं. सावरायला जेवढा वेळ लागतो त्याहून जरा जास्त वेळ घेतला.

"साहेब, इतक्या बारकाईने बघणारी बाई मी सव्वीस वर्षांत पाहिली नाही."

मॅनेजर समाधानाने मागे सरकला आणि चवड्यांवरच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी अकराला बाई निघाल्या. मॅनेजरने बॅग स्वतः गाडीपर्यंत नेली, बाळाला मान लववून निरोप दिला. रजेच्या अर्जावर सही साडेअकराला झाली. ताईंची गाडी संध्याकाळची होती, सामान बांधून तयार होतं. पण त्या बदलीच्या बाईला सोबत घेऊन एक नंबरच्या खोलीत शिरल्या आणि पलंग दोघींनी मिळून भिंतीपासून ओढला.

"आज तर तपासणी झाली ना, ताई? मग आता कशाला?"

"धर तिकडून."

एक, दोन, तीन... नऊ खोल्यांचे नऊ पलंग. प्रत्येकामागे ताई स्वतः गुडघ्यांवर बसल्या, ओल्या फडक्याने भिंतीच्या कडेपर्यंत पुसलं, आणि बदलीच्या बाईला बोट फिरवून बघायला लावलं. "रोज असं," त्या म्हणाल्या. "मी नाही तोवर रोज. उद्याच कुणी येणार आहे असं समजून." बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

चार वाजता चादरींच्या खोलीत बसून त्यांनी फोन लावला.

"निघतेय गं. सकाळी पोचते."

मुलगी म्हणाली, "खरंच? झाली तपासणी?"

ताई जिभेवर आलेल्या सूचना थांबवत होत्या. तेल कुठलं, पाणी किती, कुशीवर कसं निजवायचं, सगळं रांगेत उभं होतं. त्यांनी त्यातलं काहीच पुढे सोडलं नाही.

"आई? कशी होती गं ती तपासणीची बाई? फार त्रास दिला का?"

"नाही गं," ताई म्हणाल्या. "झोपली एकदाची."