अकरा वाजताची चौकट

अब्बांचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पिरंगुटच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानाचं शटर उघडलं. गाळा हैबतरावांचा. त्यांनी तो रिकामा करायची घाई केली नव्हती, एवढंच म्हणाले होते, "हुमा, शब्बीरभाईंचा कॉम्प्युटर तेवढा आमच्या मृण्मयीला दे. नातीला लई नाद हाय." मी "बघू" म्हणाले होते.

टेबलावर अंड्यांचे ट्रे तसेच होते. दुरुस्तीला आलेल्या मशीनचे स्क्रू अब्बा काढलेल्या क्रमाने त्या खळग्यांत ठेवत. मी अब्बांच्या खुर्चीत बसून त्यांचा कॉम्प्युटर सुरू केला. देण्याआधी त्यातले घरचे फोटो काढून घ्यायचे होते. बरोबर अकरा वाजता पडद्याच्या मधोमध चौकट आली: "चाचा, गोळी घेतली का? खरं सांगा." खाली दोन बटणं. एकावर "घेतली", दुसऱ्यावर "घेतो, ओरडू नको."

वर्षभर मी कॉलेजच्या लायब्ररीतून रोज अकरानंतर फोन करायचे आणि विचारायच्या आत ते म्हणायचे, "घेतली, बेटा, घेतली." मला वाटायचं, माझा फोन येणार म्हणून घेतात.

चौकट कुठून येते ते शोधलं. मृण्मयीच्या नावाचं फोल्डर. पोरगी सहावीत आहे. आत पन्नासेक छोटे प्रोग्राम, आणि बहुतेकांच्या शेवटी अब्बांचा शेरा. "छान. आता हेच कमी ओळींत कर."

मी नऊ वर्षांची असताना एका कारखान्याच्या कॉम्प्युटरमधल्या फायली कचरा समजून पुसल्या होत्या. त्यांची नावं मला कळत नव्हती, एवढंच कारण. मशीन सुरू होईना. अब्बांनी गिऱ्हाइकासमोर थोबाडीत दिली. "पुन्हा हात लावायचा नाही." मी लावला नाही. कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायला लागले, आणि पुढे दुकानातही जाईनाशी झाले.

मी ते फोल्डर पुसलं. मग कचरापेटीही रिकामी केली. एवढं मला तेव्हापासून येत होतं.

थोड्या वेळाने मृण्मयी आली. बाहेर चपला काढून सरळ माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

"ताई, चौकट आली का?"

"आली."

"आन् माजं फोल्डर कुटं हाय?"

"पुसलं मी."

"चुकून?"

"नाही."

ती रडेल असं वाटलं. खरं तर मला तेच हवं होतं. डोळे भरले तिचे, पण तिने बाहीला नाक पुसलं.

"चाचांनी पयल्या दिवशी मला फायलीच पुसायला लावल्या. मशीन बंद पडंस्तवर. म्हनले, पुसलं म्हनून वरडायचं न्हाई, बसून परत लिवायचं. त्यांनी एका पोरीला मारलं हुतं म्हनं. मंग ती यायचीच बंद झाली."

"कोण पोरगी?"

"नाव न्हाई सांगितलं. लाज वाटती म्हनले."

मी अंड्यांच्या ट्रेकडे बघत राहिले. माझ्या थोबाडीतून ते जे शिकले, ते हिला मिळालं होतं. मला चाळीस दिवसांत आलं नव्हतं एवढं रडू आलं, आणि ते तिच्यासमोर येऊ द्यायचं नव्हतं.

"सरका की जरा," ती म्हणाली. "लिवते परत."

"नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कीबोर्ड माझ्या पुढ्यात सरकवला. "मंग तुमी लिवा. मी सांगते."

मी लिहू लागले. तिसऱ्या ओळीला तिने बोट आडवं धरलं. "कंस इसरला. लई घाई तुमाला. चाचा बी आसंच करायचे."

"चौकटीत नाव काय टाकू?"

"हाय तेच ऱ्हाऊ द्या."

मी "चाचा" लिहिलं. चालवून पाहिलं, चौकट उघडली. दोघींनी कुठलंच बटण दाबलं नाही.

"बाकीचे पन्नास ऱ्हायले," ती म्हणाली.

"घरी बसून लिही. कॉम्प्युटर घेऊन जा."

"खरंच? आन् ही खुर्ची?"

"खुर्ची माझी आहे," मी म्हणाले.