मापाचं ब्लाऊज

नवरीच्या, म्हणजे प्रतीक्षाच्या, ब्लाऊजचा वरचा हूक कसाबसा लागला, दुसरा काही केल्या लागेना. मधे चांगलं तीन बोटांचं अंतर. अश्विनीने तिला श्वास सोडायला सांगितलं, मग धरायला सांगितलं, शेवटी स्वतःच श्वास धरून बसली. बाहेर सोनाळ्याच्या गल्लीत वऱ्हाड येऊन पोचलं होतं. मुहूर्त साडेअकराचा, आणि भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते.

हा धंदा अश्विनीच्याच डोक्यातून निघालेला. मलकापुरात रस्त्याकडची खोली सासऱ्यांनी, उकंडरावांनी, सहा महिन्यांसाठी दिली होती. तिथे शिलाईची दुकानं काय कमी होती? म्हणून हिने नवीनच काढलं. गळ्याचे अकरा, बाह्यांचे नऊ आणि पाठीचे सहा नमुने काढून मोबाइलवर पाठवायचे. गिऱ्हाइकाने घरबसल्या आकडे कळवायचे, गळा सात, बाही चार, पाठ दोन, आणि मापासाठी अंगावरचा एक कपडा पाठवून द्यायचा. दुकानाची पायरी न चढता मनासारखं ब्लाऊज तयार.

उकंडरावांना हा पोरखेळ वाटायचा. "पिंपळगावच्या लग्नाचं काम धड झालं तर खोली तुही," ते म्हणाले होते. "एक जरी बोभाटा कानावर आला, तर मशिनी उचलायच्या. मले खताचं दुकान टाकायचं आहे."

पिंपळगाव राजाच्या सरस्वतीबाई म्हणजे नवरदेवाची आई. त्यांनी नवरीसकट एकवीस बायकांची ब्लाऊजं सांगितली होती. कापड एकच, नमुना जिचा तिचा. मापाचे कपडे त्यांच्या घरी एका थैलीत जमले, नवरीचंही सोनाळ्याहून तिथेच गेलं, आणि थैली मलकापूरला आली. आतली सगळी ब्लाऊजं कडक इस्त्रीची. गिऱ्हाइकं किती टापटिपीची, म्हणून ही बया खूश! रोज अंगावर घातलेलं ब्लाऊज कधी इस्त्रीचं असतं का, हा साधा प्रश्न तिला पडला नाही. परवा वीस ब्लाऊजं पिंपळगावला पोचवली तेव्हा एकीनेही तक्रार केली नाही, याचा तर तिला केवढा अभिमान वाटला होता. एकविसावं, नवरीचं, रीतीप्रमाणे आज शालूबरोबर वऱ्हाडातून आलं, आणि ते नीट बसलं की नाही हे पाहायला अश्विनीही आली.

"खरं सांग, माप तुझंच होतं ना?"

प्रतीक्षाने आईकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी आधी दाराची कडी घातली.

"रुपालीचं होतं. तिच्या मोठ्या बहिणीचं," त्या हळूच म्हणाल्या. "हिचं काखेत उसवलेलं, रंग गेलेला. ते थैलीतून विहीणबाईच्या घरी जाणार, चार बाया हातात घेऊन पाहणार. कसं पाठवू वं? दोघी बहिणी सारख्याच तर दिसतात."

अश्विनीला असा राग आला की प्रतीक्षाने उतरवून दिलेलं ब्लाऊज तिने खाटेवर टाकलं. पण राग सगळा त्यांच्यावर काढता येईना. जुने शिंपी आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडतात, पुढेमागे उसवून ढिलं करता यावं म्हणून. हिने ते कापून टाकलं होतं. आतूनही बाहेरच्याइतकंच सुबक, अशी जाहिरात केली होती ना!

आता कापड होतं ते फक्त बाह्यांत. कोपरापर्यंतच्या बाह्या, हिरव्या काठाच्या. शालू सासरचा, रंग सासरचा, तारीखही त्यांनीच धरलेली. या सगळ्या लग्नात प्रतीक्षाने स्वतः निवडलेली एकच गोष्ट होती, बाही चार.

"बाह्या अर्ध्या कापून बगलेत पट्ट्या लावाव्या लागतील," अश्विनी म्हणाली. "काठ जाईल."

प्रतीक्षाने एकदा बाहीवरून हात फिरवला. "काप," ती म्हणाली.

"विहीणबाईले सांगू नको, तुह्या पाया पडते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पोरीले जनमभर ऐकावं लागन."

अश्विनीने मान हलवली. गप्प राहायचं म्हणजे दोष आपल्या माथी घ्यायचा आणि खोली घालवायची, हे तिला पुरतं कळत होतं. तिने कात्री चालवली, दोन्ही बगला उसवल्या आणि सुईत दोरा ओवला. एक बाजू शिवून झाली तोच दार वाजलं. वरमायला दाराबाहेर किती वेळ उभं ठेवणार?

सरस्वतीबाई आत आल्या. वैशाखाचं ऊन, तरी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला, कपाळावर घाम. खाटेवरचे हिरवे काठ त्यांनी पाहिले.

"हे काय करून राह्यली तू? आता मुहूर्ताले नवरीचं ब्लाऊज कापून बसली?"

"चूक माझी आहे, काकू. माप माझ्याकडूनच चुकलं."

"तुह्या मोबाइलच्या भरवशावर मी एकवीस बायांचं काम देल्लं. आता गावात तोंड कसं दाखवू?"

अश्विनीची सुई बोटात घुसली. रक्त कापडाला लागू नये म्हणून तिने बोट तोंडात धरलं. डोळे भरून आले होते. अन्नपूर्णाबाई फरशीकडे पाहत राहिल्या. इतकं ऐकूनही त्या बोलल्या नाहीत, याचं अश्विनीला फार वाईट वाटलं.

"माप माझं नव्हतंच, आत्याबाई," प्रतीक्षा म्हणाली. "माझं फाटलेलं होतं. आईनं लाजून ताईचं पाठवलं. हिची काहीच चूक नाही."

अन्नपूर्णाबाईंचा चेहरा पांढरा पडला. सरस्वतीबाई मागे वळल्या, त्यांनी कडी घातली आणि खांद्यावरचा पदर खाली घेतला. त्यांच्या ब्लाऊजची उजवी बगल काखेपासून कमरेपर्यंत उसवलेली होती, आणि ती पाच सेफ्टी पिनांनी धरून ठेवलेली होती.

"मीबी नवं पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "सात वर्षांखाली शिवलेलं. एकदाच घातलं, म्हणून तर नवं राह्यलं. सकायपासून हात वर केला नाई मी. पोराच्या डोक्यावर अक्षता कशा टाकू, याचाच घोर लागला."

अन्नपूर्णाबाई आधी चपापल्या, मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता रडल्या.

"बसा, काकू," अश्विनी म्हणाली. तिने दुसरी बगल भराभर शिवली. नवरीचे सगळे हूक लागले. दुसऱ्या बाहीचं उरलेलं कापड वरमायच्या बगलेत गेलं. कापड एकच, त्यामुळे जोड दिसेना, आणि दिसला तरी काखेत कोण पाहतंय.

शेवटचा टाका घालताना तिच्या मनात आलं, मग बाकीच्या एकोणीस? तिने खिडकीतून मांडवात पाहिलं. वरपक्षाच्या बायका ओळीने बसल्या होत्या, त्या रखरखत्या उन्हात प्रत्येकीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. वारा घ्यायलासुद्धा एकीचाही हात उठत नव्हता.

"बोभाटा होईन, याचं भेव नको धरू," मागून सरस्वतीबाई म्हणाल्या. "कोण सांगन, मी दुसरीचं माप पाठवलं म्हणून?"

खोली वाचली होती. अश्विनीला मात्र हायसं वाटलं नाही. धंदा उभा राहिला होता तो या बायकांच्या लाजेवर, आणि त्यात एकीलाही नीट श्वास घेता येत नव्हता.

मंगलाष्टकं सुरू झाली. वरपक्षाच्या बायकांच्या बाजूने अक्षता पडल्या त्या नवरा-नवरीच्या पायांशीच. डोक्यावर पडल्या त्या फक्त सरस्वतीबाईंच्या. मांडवाच्या कोपऱ्यात उभ्या अश्विनीने मोबाइल काढला, नमुन्यांखालची 'मापाचा कपडा पाठवा' ही ओळ पुसली आणि लिहिलं, 'माप घ्यायला मी स्वतः घरी येईन. दार लावून घेऊ.'