आठांचा डबा, बारांचा डबा

सुनेला मासळी मोजायची नोकरी लागली, याचं सासूबाईंना आधी हसूच आलं. "समुद्रातली मासळी मोजणार? आणि ती उभी राहणार होय रांगेत?"

थट्टा तशी खोटी नव्हती. बंदरावरच्या मत्स्य कार्यालयाला हवं होतं एवढंच, की ही बोटभर मासळी समुद्रात टिकून आहे की संपत चाललीय. नोंदी होत्या अवघ्या दोन वर्षांच्या, त्यातही अर्ध्या पानांवर नुसतं 'भरपूर'. साहेब म्हणाले, "माहिती अपुरी असं लिहा आणि मोकळ्या व्हा." तिला ते पटेना.

ती रोज धक्क्यावरून बादलीभर मासे आणायची आणि घरच्या ओट्यावर पट्टी ठेवून एकेक मोजायची. सरासरी अकरा सेंटिमीटर. पोट फाडून पाहिलं, तर अंडी तेराच्या पुढच्यांतच. म्हणजे बहुतेक मासे अंडी घालायच्या आधीच जाळ्यात. पण पूर्वीपासून असंच असेल तर?

सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एवढुशी? आमच्या वेळी डब्यात आठ बसायचे. मी कारखाना सोडला तेव्हा आम्ही बारा कोंबत होतो."

सुनेने पट्टी बाजूला ठेवली. सासूबाईंनी तीस वर्षं कारखान्यात मासळीचे डबे भरले, हे तिला ठाऊक होतं. विचारायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

"आई, डबा तोच होता?"

"तोच. झाकण तेवढं बदललं."

"डोकी कापून भरायचात?"

"मग काय टोप्या घालून?"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या कारखान्यातल्या चार मैत्रिणी घरी आल्या. एकीच्या सुरात दुसरीने सूर मिसळू नये म्हणून सुनेने प्रत्येकीला वेगळं बसवून विचारलं. सालं कुणालाच आठवेनात. "थोरली पोटात होती तेव्हा नऊ," "हे गेले त्या वर्षी अकरा," अशी उत्तरं. त्यांवरून सालं जुळवून आकडे मांडले, तर चौघींचंही म्हणणं एकच निघालं: मासा वर्षागणिक लहान होत गेला होता.

साहेबांच्या कपाळावर आठ्या. "बायकांच्या आठवणी हा पुरावा?"

"एकीची आठवण असती तर नसता, साहेब. चौघींची जुळतेय, माझी मोजणीही त्याला धरूनच आहे. अंदाज आहे, आणि तो कितीने चुकू शकतो तेही लिहिलंय."

अंडी घालायच्या दिवसांत सहा आठवडे मासेमारी बंद ठेवावी, असा तिचा सल्ला होता. बोटवाल्यांच्या सभेत एकच गलका झाला. तेवढ्यात सगळ्यात मोठ्या बोटीचा मालक उठला. "त्या चौघींत आमची म्हातारी होती ना? मग संपलं. तिच्याशी वाद घालून मी आजवर जिंकलेलो नाही." सगळे हसले, आणि एक वर्ष करून बघायचं ठरलं.

पुढच्या वर्षी सरासरी आली साडेअकरा. सुनेने लिहिलं, 'लक्षण चांगलं, पण एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये.'

सासूबाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "अगं, मासे वाढले म्हण की सरळ! किती तो आखडता हात!"