तपासणीची बाटली

कोंडाजीला आपल्या तब्येतीची भारी मिजास. बावन्न वर्षांचा गडी, पुनावळ्याहून रोज सायकल हाणत चिंचवडच्या कारखान्यात यायचा, आणि दहा वर्षांत आजारपणाची एक रजा नाही. पोरगा मात्र उलटा निपजला. किसन, वय एकोणीस, आणि तीन वर्षं शौचावाटे रक्त. पुण्याच्या डॉक्टरांनी आतड्यांना जखमा आहेत म्हणून गोळ्या दिल्या होत्या. जरा उतार पडताच कोंडाजीनंच त्या बंद केल्या. तरण्या पोरानं गोळ्या खाणं त्याला बायकी वाटायचं.

पुढं साहेबांच्या हातापाया पडून त्यानं किसनला आपल्याच कारखान्यात टेंपररी चिकटवला. आता पर्मनंट व्हायची वेळ आली आणि कंपनीच्या डॉक्टरांची तपासणी आडवी आली. छाती, डोळे, लघवी. आणि किसनच्या लघवीला महिनाभर साबणासारखा फेस येत होता. संध्याकाळी घोटे सुजायचे.

"आबा, पुन्याला दाखवून येऊ का?"

"दाखव की! मग सायेब म्हनंल, आजारी पोरगं आमाला नगं. आदी पर्मनंट व्हय, मग काय दाखवायचं त्ये दाखव."

तपासणीच्या दिवशी बापलेक दवाखान्यामागच्या संडासात शिरले. बाटलीवर किसनचं नाव आणि बिल्ला नंबर चिकटवलेला. कोंडाजीनं ती स्वतः भरली, उजेडाकडं धरली आणि खुशीत आला.

"बघ, कशी झऱ्याच्या पान्यावानी हाय."

किसन हसला. हसला बिचारा, बापापुढं दुसरं काय करणार? असल्या बापाला दुष्ट म्हणावं तर तेही जमत नाही. पोरावर त्याचा जीव होता, हेच तर वाईट.

रिपोर्ट झकास आला. पत्र मिळालं, पेढे वाटले. पण पुण्याला दाखवायला काही मुहूर्त लागेना. पर्मनंट झाल्या झाल्या रजा टाकली तर साहेबांच्या डोळ्यावर येईल, असं कोंडाजीचं म्हणणं. पाच महिन्यांनी किसनचं तोंड सुजलं, पाय बुटात जाईनात, तेव्हा कोंडाजीनं त्याला नाइलाजानं कंपनीच्या डॉक्टरांपुढं उभं केलं.

डॉक्टरांनी लघवी तपासली, मग जुनी फाइल काढली.

"मूत्रपिंडाला सूज आहे. पण पाच महिन्यांपूर्वी लघवी अगदी स्वच्छ होती. म्हणजे त्रास नवा आहे. तरुण मुलांत असली सूज पुष्कळदा आपोआप उतरते." त्यांनी फाइल मिटली. "कोंडाजी, याला पोटाचं काही जुनं दुखणं नाही ना? आतड्याचा आजार कधी कधी मूत्रपिंडावर उतरतो. तसं असेल तर आजच पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवतो."

किसननं तोंड उघडलं. कोंडाजीचा हात त्याच्या खांद्यावर होता, तो घट्ट झाला. आता खरं सांगायचं म्हणजे बाटलीचंही निघणार, आणि दोघांचीही नोकरी जाणार.

"न्हाई सायेब," कोंडाजी म्हणाला. "पोट एकदम साफ. माज्याच वळनावर गेलाय."

डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि चार आठवड्यांची भरपगारी रजा लिहून दिली. पर्मनंट माणसाला ती मिळते. तिसऱ्या आठवड्यात किसनची लघवी पार बंद झाली. चौथा आठवडा त्याला लागला नाही.