पोपटरावांची हिस्ट्री

"आगं सोजर, कॉम्प्युटर कुठं गेला?"

पोपटराव टेबलासमोर उभे होते. टेबलावर स्क्रीन होती, कीबोर्ड होता, माउस होता. खाली जिथं सीपीयूचा डबा असायचा तिथं फक्त धुळीची चौकोनी खूण उरली होती.

सोजरबाईंचा भाकरीवरचा हात थांबला नाही. "करुणानं न्हेला की काल. तुम्हीच वायरी काढून दिल्या तिला."

"व्हय, व्हय. दिल्या की," पोपटराव म्हणाले.

त्यांना काहीच आठवत नव्हतं. लेक करुणा काल आली होती, हेही त्यांना आत्ताच कळत होतं.

"लई अडकतंय म्हणली. शिरूरला रश्मीकडून फॉरमॅट मारून आणते म्हणली. समदं साफ हून येईल."

पोपटराव हळूच खुर्चीत बसले.

दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांची सगळी नोकरी गेली होती. तिथलं त्यांना अजून लख्ख आठवायचं. कुठल्या गाडीला लिंबाच्या पाट्या चढायच्या, कुठला हमाल पावसाळ्यात गावाला पळायचा, सगळं. अडचण होती ती कालच्या दिवसाची. तो रात्रीत कुठंतरी गळून जायचा.

हे त्यांना पहिल्यांदा कळलं ते म्हाळूमुळे. म्हाळू त्यांचा ऑफिसातला जोडीदार. एका सकाळी पोपटराव म्हणाले, "आज म्हाळूला बोलवू चहाला, लई दिवस झालं." सोजरबाईंनी कप खाली ठेवला. "म्हाळूभावजी गेलं की गेल्या आठवड्यात," त्या म्हणाल्या. म्हाळूला खांदा देणाऱ्यांत स्वतः पोपटराव होते. त्या सकाळी "न्हाई, म्हंजी त्याच्या पोराला बोलवू," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. पण कालचं कुठंतरी टिपून ठेवायला हवं, हे त्यांना कळून चुकलं.

डायरी लिहावी, तर ती घरात कुणीही उघडणार आणि विचारणार. कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला मात्र कुणी काही विचारत नाही. ब्राउझर उघडला की सर्चची चौकट येते. त्या चौकटीत पोपटराव दिवसभराच्या गोष्टी एकेक करून टाइप करू लागले. 'सोजरचा उजवा गुडघा दुखतोय.' 'विहारात सोपानराव भेटले, मुलीचे लग्न ठरले.' समोर गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती यायच्या, लग्नाचे हॉल यायचे. त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. टाइप केलेलं हिस्ट्रीत जाऊन बसायचं, तारीखवार, वेळेसकट. सकाळी सोजरबाई अंघोळीला गेल्या की ते हिस्ट्री उघडून कालचा दिवस वाचून काढत. मग चहाच्या वेळी सहज विचारत, "गुडघा कसा हाय आज?" घरात कुणाला शंका आली नाही, असं त्यांना वाटत होतं.

त्या ब्राउझरात कॉम्प्युटर घेतला तेव्हापासूनची हिस्ट्री होती. त्यांनी ती कधी पुसलीच नव्हती. त्यामुळे असेल नाहीतर मशिन म्हातारं झाल्यामुळे असेल, अलीकडे तो ब्राउझर फार रडवायचा. उघडायला सांगितला की गोल चक्र फिरत राहायचं. मधेच पान पांढरं पडायचं, आणि कधी सगळंच आपोआप बंद व्हायचं. पोपटराव गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत बसायचे. कालचा दिवस आज येतोय की नाही, ह्याची वाट.

आणि आता ते सगळं साफ होऊन येणार होतं. काल त्यांनी होकार दिला असणार, कारण नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

त्यांनी करुणाला फोन लावला. तो बंद. रांजणगावला ती ज्या कंपनीत होती, तिथं फोन गेटवरच जमा करायला लागायचे.

"मी शिरूरला जाऊन येतो," ते म्हणाले.

"आत्ता? कशाला?"

"काम हाय जरा."

सोजरबाईंनी तवा उतरवला. "थांबा मग. मीबी येते. भाकरी बांधून घेते."

एसटीत खिडकीची जागा मिळाली. पाटस मागे पडलं, चौफुला आला. पोपटराव फोन काढायचे, बघायचे, परत खिशात ठेवायचे. गाडी पारगावच्या पुलावर आली, खाली भीमेचं पाणी दिसायला लागलं, तेव्हा सोजरबाई म्हणाल्या,

"तुमचं लिव्हलेलं पुसंल म्हणून निघालाव न्हवं?"

पोपटरावांनी मान वळवली.

"कसलं लिव्हलेलं?"

"आवं, तुम्ही टाइप करताना तोंडानं बोलता. सैपाकघरात समदं ऐकू येतं मला."

"कवापासनं ठाव हाय तुला?"

"म्हाळूभावजींच्या वक्तापासनं."

"मग बोलली न्हाईस कधी."

"तुम्ही रोज सकाळी एवढं मन लावून वाचायचा. माझा गुडघा इचारायचा. कशाला मोडायचं म्हणलं." त्यांनी पदर सावरला. "गुडघा कुणी इचारत न्हवतं आधी."

पोपटराव बाहेर बघत राहिले. उसाच्या फडांमागून फड जात होते. किती तरी दिवस कुणीतरी छातीवर बसून होतं आणि ते आता उठलं, असं त्यांना वाटलं. पण भीती गेली नव्हती.

"गेलं आसंल तर?"

"गेलं तर गेलं. मी हाय की. माझ्या ध्यानात ऱ्हातं समदं."

"रोज तुला इचारायचं व्हय?"

"मग इचारा की. दुसरं काय काम हाय मला?"

रश्मीचं दुकान शिरूरच्या स्टँडापासून जवळच होतं. ती करुणाची शेजारीण. पाबळला कॉम्प्युटर दुरुस्ती शिकून तिनं हे दुकान टाकलं होतं. ती टेबलावर एका प्रिंटरशी झटत होती. मागच्या फळीवर पोपटरावांचा डबा पडला होता, एका बाजूनं उघडा, पोटातल्या वायरी बाहेर.

"आप्पा, तुम्ही? करुणाताई संध्याकाळी नेणार होत्या की."

पोपटराव फळीवरच्या उघड्या डब्याकडे बघत राहिले. सोजरबाईंनीच विचारलं, "बाई, त्यो फॉरमॅट मारला का गं?"

"मारला की. सकाळीच."

पोपटराव मागे सरले. मागे स्टूल होतं म्हणून बसले.

रश्मीनं त्यांचा चेहरा पाहिला आणि घाईनं पुढे आली. "आप्पा, पाणी घ्या. काय झालं? तुमचा डेटा काय गेला न्हाई. मारायच्या आधी समदं काढून ठेवलंय दुसऱ्या डिस्कवर. फोटो, कागद, सगळं."

"हिस्ट्री?" पोपटराव म्हणाले.

"तीबी. करुणाताई म्हणल्या होत्या सगळं साफ कर, काय नको त्यांचं. पण ज्याचं हाय त्याला इचारल्याबिगर मी काय पुसत न्हाई. माझ्या आईचे फोटो असेच गेले एकदा दुसऱ्याच्या हातनं." तिनं डबा पुढे ओढला. "तुमची हिस्ट्रीची फाइल लई मोठी झालती, आन् मधी जरा खराब. ब्राउझर दरवेळी तिथंच अडकायचा आन् बंद पडायचा. डिस्कबी थकली होती. आता नवी टाकलीय. बसवून देऊ का हिस्ट्री?"

"दे," पोपटराव म्हणाले. थोडं पाणी पिऊन त्यांनी सोजरबाईंच्या हातात ग्लास दिला. त्यांनीही उरलेलं पिऊन टाकलं.

काम उरकायला दुपार झाली. तोवर दोघांनी दुकानाच्या पायरीवर बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, रश्मीलाही खाऊ घातली. मग तिनं वायरी जोडल्या आणि माउस पोपटरावांच्या हातात दिला. त्यांनी ब्राउझरवर बोट दाबलं आणि सवयीनं हात गुडघ्यावर ठेवला. तेवढ्यात पान उघडलंसुद्धा.

हिस्ट्री होती. वरती, सगळ्यांत ताजी ओळ होती: 'करुणा कॉम्प्युटर नेते म्हणाली. हो म्हटले.' तिच्याखाली: 'करुणा आली. वाळली वाटते. विचारले नाही.' ते खाली खाली जात राहिले. सोपानराव, विहार, गुडघा, पाण्याची टाकी, नातीचा वाढदिवस. मधले काही दिवस नव्हते. तेवढे फाइलबरोबरच खराब झाले होते.

"गणपतीच्या आसपासचं दिसंना," ते सोजरबाईंना म्हणाले. "तवा काय झालतं गं?"

"काय न्हाई. नळाला पाणी न्हवतं, टँकर यायचा. तुम्ही हंडं भरून द्यायचा."

"बरं," पोपटराव म्हणाले.

करुणा कंपनीतून परस्पर दुकानात आली तेव्हा ते अजून वाचत होते. आईबाप असे न सांगता आलेले बघून ती घाबरली. मग वडिलांच्या खांद्यावरून तिनं स्क्रीनकडे बघितलं. वाचलं. परत वर जाऊन वाचलं. रश्मी प्रिंटर उचलून आतल्या खोलीत गेली.

"आप्पा, हे काय आहे?"

पोपटरावांनी खुर्ची वळवली. गेली दोन वर्षं हे वाक्य त्यांनी कुठंच टाइप केलं नव्हतं. ते बोलले मात्र अगदी सरळ.

"मला आता कालचं ऱ्हात न्हाई, बाई."

करुणा शेजारच्या स्टुलावर बसली. बराच वेळ तिनं त्यांचा हात धरून ठेवला. "मी हे पुसायला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"तुला काय ठाव? मी सांगितलंच न्हाई."

"डॉक्टरला दाखवू आपण. पुण्याला. मी रजा टाकते."

"दाखवू की," पोपटराव म्हणाले. इतक्या लगेच ते तयार होतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही.

त्या रात्री दोघं करुणाकडेच राहिली. सकाळी तिनं त्यांना दौंडच्या गाडीत बसवून दिलं, कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून सोजरबाईंच्या पायाशी ठेवला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभी राहिली.

न्हावऱ्याला गाडी थांबली. एक बाई काकड्या विकायला वर चढली आणि उतरून गेली. पोपटराव बाहेर बघत होते. थोड्या वेळानं ते वळले.

"सोजर, काल रातच्याला जेवण कुठं केलं आपण?"

"करुणाकडं."

"काय होतं?"

"पिठलं केलतं तिनं. आन् मेथीची भाजी. तुम्ही पिठलं दोनदा घेतलं."

"चांगलं झालतं?"

"लई चांगलं झालतं."

पोपटरावांनी मान हलवली. मग सीटला नीट टेकून बसले, आणि आत्ताच जेवून उठल्यासारखा त्यांनी पोटावरून हात फिरवला.